अण्णांचा वरचा आकडा

रक्तदाबावर खात्रीचा पाला जगात एकदाच सापडला, आणि तो सिंगापुरात, क्वीन्सटाउनातल्या एका जुन्या ब्लॉकच्या मागं, कुंपण घातलेल्या बागेत सापडला, ही गोष्ट आता इथल्या आपल्या मंडळींत सर्वमान्य आहे. मानवजातीचं त्यातून मोठंच कल्याण व्हायचं होतं. पण पाला सापडला आणि आठवडा उलटायच्या आत शामकांत अण्णांनी ते झुडूप बुडापर्यंत ओरबाडलं, लसणाची फोडणी दिली आणि भाकरीबरोबर खाल्लं. मानवजातीचं राहून गेलं.

तशी सुरुवात भांडणानं झाली होती.

"घ्या. नाक धरा आन् प्या."

"ह्ये काय?"

"पाला."

"कशाचा?"

"मला काय ठावं? इनिताबायनं धाडलाय. काल शेवग्याचा हुता, आज दुसराच हाय. हिरवा हाय यवढं खरं."

"आगं, बैलाला बी म्होरं टाकताना मानूस बगतंय, कडबा हाय का पेंड हाय. तू मला न इचारता वततीयास व्हय घशात?"

"बैल गुमान खाली मान घालून खातंय. त्येला यवढी जीब न्हाई."

अण्णांच्या बायकोनं, सुमित्राकाकूंनी, ग्लास ओट्यावर आपटला. अण्णांनी नाक धरलं, डोळे मिटले आणि एका दमात ते हिरवं पाणी खाली ढकललं. मग बेसिनपाशी जाऊन अशी काही खाकरणी केली की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली.

अण्णा मंगळवेढ्याकडचे. काळ्या रानाचे. तिथली जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हातातली काठी जाते, आणि ओली झाली की पायातली वहाण काढून ठेवून घेते. त्या रानात पाऊस उघडल्यावर एकदा शाळू (थंडीतली ज्वारी) पेरला की मागं बघायचं काम नाही, थंडी आणि दव त्याला मोठं करतात. पण पेरायची वेळ धरावी लागते. रान फार ओलं असलं तर पेरायची तिफण चिकटते, फार वाळलं तर बी उगवत नाही. मधल्या त्या मोजक्या दिवसांना वापसा म्हणतात. अण्णांनी उभ्या जन्मात एकही वापसा चुकवला नव्हता. लग्नाच्या साली हळद अंगावर असताना पेरून आले होते, असं काकू सांगतात, आणि अजून त्या रागातच सांगतात.

पोरगा रूपेश मरीन इंजिनिअर. आधी बोटीवर होता, आता बंदरात बोटी तपासतो. आलेल्या बोटीच्या इंजिन-रूममध्ये उतरायचं, एकेका गेजवर बॅटरी मारायची, तपासणीचं लेबल नसलेला गेज खोटा समजायचा आणि तिथल्या इंजिनिअरला घाम फोडायचा, हे त्याचं काम. या कामात तो इतका कडक की बंदरात त्याचं नाव काढलं की चहा प्यायला बसलेले उठून कामाला लागतात. आईवडलांना त्यानं पावसाळ्यापुरतं बोलावलं होतं. पेरणीला परत पाठवायचं ठरलेलं होतं.

मध्ये ते मशीन आलं.

एका रविवारी बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोतून संजीव आणि विनीता जेवायला आले. हे जोडपं पुण्याचं. संजीव पाया लेबारला एका कंपनीत मॅनेजर, आणि विनीता रिसर्च पार्कातल्या एका ऑफिसात. तिथं ती संशोधकांसाठी खुर्च्या, टेबलं आणि प्रिंटरची शाई मागवते. पण रोज येता-जाता संशोधनाचा वारा अंगावरून जात असल्यामुळं तिला त्यातलं बरंच समजतं. येताना त्यांनी रक्तदाब मोजायचं मशीन आणलं. संजीवच्या कंपनीत आरोग्य सप्ताह झाला, त्यात प्रत्येकाला एक दिलं होतं. संजीवकडं आधीचं होतंच, म्हणून हे अण्णांना.

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी जत्रेत वजन करतात तसा हौसेनं रक्तदाब मोजून घेतला. संजीवचा छान. विनीताचा संशोधनाला शोभेल असा. सून रुचिरा मुंबईची, ती म्हणाली, "माझा नको, मी उद्या ऑफिसातून आल्यावर बघते, खरा तेव्हाच कळेल." शेवटी अण्णांनी हात पुढं केला. मशीन गुरगुरलं, फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं आणि आकडा दाखवला. वरचा एकशे बहात्तर.

श्रीखंडाच्या वाट्या तशाच राहिल्या.

"अण्णा, चक्कर येते का?" रूपेशनं विचारलं.

"न्हाई."

"डोकं दुखतं?"

"तू इचारायला लागल्यापास्नं दुकतंय."

"काका, हाच तर सायलेंट किलर," विनीता म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली बरंचसं समाधान होतं. शिकलेल्या माणसाला आपल्या हातून निदान झालं की असंच होतं.

रूपेशनं तिथल्या तिथं निकाल दिला. "प्रेशर रेडमध्ये असताना मी बोटीचं इंजिन सुरू करू देत नाही. वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली येईपर्यंत गावाला जायचं नाही. आणि या पेरणीपर्यंत नाहीच आला तर रान अंकुशला वाट्यानं देऊन टाकू. कायमचं. तिथं एकट्यानं शिवारात पडलात तर कोण बघणार?"

अंकुश म्हणजे अण्णांचा चुलत पुतण्या. पोरगा वाईट नाही, पण त्याला तिफणीचा कंटाळा. ट्रॅक्टरनं पेरतो आणि मोबाईलवर बोलत पेरतो, असं अण्णांचं मत. आपलं रान त्याच्या हाताखाली गेलं म्हणजे आपण जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत गेलो, एवढं साधं गणित होतं. त्या दिवसापासून त्या घरात एकच प्रश्न उरला, वरचा आकडा किती.

आता कुणीही म्हणेल, डॉक्टरकडं जायचं. पण आपल्या मंडळींत डॉक्टर हा शेवटचा उपाय. आधी ग्रुपवर विचारायचं. ग्रुपवरचे सगळे उपाय संपले आणि माणूस तरीही उरला, तर डॉक्टर. आणि अण्णाही गोळीचं नाव काढू देत नव्हते. "गोळी सुरू झाली की ती सरनावर सुटती," असं त्यांचं ठाम मत. तेव्हा सगळ्यांच्या सोयीनं ठरलं, की पाला.

विनीतानं कंबर कसली. टेक्का मार्केटातून शेवग्याचा पाला आला. मग कढीपत्ता उपाशीपोटी. मग तमालपत्राचं पाणी. मग पांदानची पानं, ज्यांनी घराला खिरीसारखा वास आला आणि अण्णांना खीर कुठं आहे हे विचारायची सवय लागली. मग मांजराच्या मिशा नावाच्या झाडाचा चहा. त्या चहानं अण्णा दिवसभर बाथरूमच्या वाटेवर राहिले. रोज सकाळी पाला, रोज संध्याकाळी मशीन, आणि आकडा एकशे पासष्ट ते एकशे पंचाहत्तरच्या मध्ये गाढवासारखा उभा.

"काका, पेशन्स ठेवा," विनीता म्हणाली. "हे काही घरगुती गावठी नाही. एव्हिडन्स-बेस्ड आहे. पेपर आहेत यावर."

"कुनावर करून बगितलं?"

"उंदरांवर."

"आन् उंदराचा बीपी कुटं बगत्यात? दंडाला पट्टा बांदत्यात?"

"नाही काका. शेपटीला."

अण्णांनी जरा विचार केला. "मंग माजं अवघड हाय," ते म्हणाले. "मला शेपूट न्हाई."

काकू पदरात तोंड घालून हसल्या. विनीता हसली नाही. ती म्हणाली, "यू नो रुचिरा, नकारात्मक दृष्टिकोन हासुद्धा एक फॅक्टर असतो."

काकूंचं आणखी एक होतं. त्यांना इथलं मानवलं होतं. लिफ्ट वर नेते, नळ विचारल्याशिवाय पाणी देतो, कपडे वाळवायला बांबू, आणि घरात धूळ नाही. गावाकडं सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा रान होतं. त्या पाला वाटायच्या, पण अण्णा म्हणत, ती मन लावून वाटत नाही.

"तुला ऱ्हायाचंच हाय हितं. म्हनून पाला भरडा ठिवतीस."

"व्हय, ठिवते. वाटायला पाटा न्हाई हितं, मिक्सर हाय. तुमच्या दाताला सांगा बारीक करायला."

याच सुमाराला अंकुशचा फोन आला.

"अण्णा, पाऊस उघाडला बगा. रानात पाय ठिवला तर डेकूळ फुटतंय. वापसा आला."

"तू थांब," अण्णा ओरडले. मोबाईलवर ते कायम बांधावरून बोलल्यासारखे बोलायचे. "बी उगडू नगं. मी येतो."

"कवा?"

"आकडा खाली आला की."

"कशाचा आकडा?"

"माजा! बीपीचा!"

"बरं," अंकुश म्हणाला. "थांबतो मी. तुमी जिवाला जपा."

फोन ठेवून अण्णा खाली उतरले. ब्लॉकच्या खालची मोकळी जागा, जिला इथं व्हॉइड डेक म्हणतात, ती आमची चावडी. तिथं बाकडी आहेत आणि बाकड्यांवर म्हातारे आहेत. चिनी म्हातारे, मलय म्हातारे, एक-दोन तमिळ. सगळे आपापल्या भाषेत गप्प बसतात. अण्णा रोज तिथं बसत, पण त्या दिवशी थांबले नाहीत. मागच्या बागेचं फाटक उघडं होतं, ते आत गेले.

बाग कसली, पाच-सहा वाफे. माती पिशवीतून विकत आणलेली, काळी, भुसभुशीत आणि अगदी बिनवासाची. अण्णांनी चिमूट उचलून नाकाला लावली आणि टाकून दिली. "मेलेली हाय," म्हणाले. बागेची कारभारीण कोह आंटी, ऐंशीच्या आसपासची, डोक्यावर टोपली उलटी घातल्यासारखी टोपी. तिला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी. दोघांचं पहिल्या दिवसापासून छान जमलं.

"अंकल! यू फेस सो ब्लॅक. व्हाय?" तिच्या इंग्रजीत उतरलेलं तोंड काळं असतं.

"बीपी," अण्णा म्हणाले आणि दंडाभोवती बोटं फिरवून दाखवली.

"आह, हाय ब्लड!" आंटीनं त्यांना मनगटाला धरून कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी ओढत नेलं. तिथं गुडघ्याएवढं एक झुडूप होतं, मांसल हिरव्या पानांचं. तिनं दोन पानं तोडली, एक स्वतः खाल्लं, एक अण्णांच्या तोंडात घातलं. "दिस वन व्हेरी गुड, लाह. एव्हरी मॉर्निंग ईट टू, थ्री लीफ. माय हजबंड एव्हरी डे ईट. नाइन्टी ओरेडी, स्टिल क्वारल विथ मी."

अण्णांनी पान चावलं. कडू नव्हतं. वास नव्हता. आजवरच्या सगळ्या पाल्यांत हा पहिला पाला माणसाच्या खाण्यासारखा होता.

"काय म्हन्ली ती?" काकूंनी घरी विचारलं.

"म्हन्ली, तिचा दादला नव्वदीत हाय आन् ह्यो पाला खाऊन भांडतूय."

"मग तुमाला त्येची काय गरज?"

विनीताला फोटो गेला. तिनं नाव शोधून काढलं, पेपरही काढला (पुन्हा उंदीर), आणि ग्रुपवर टाकलं, की क्वीन्सटाउनात अस्सल झाड सापडलं आहे, शेकडो वर्षांची परंपरा आहे, आणि आपल्या पूर्वजांनाही हे माहीत असणारच. ते झाड जावा-सुमात्र्याकडचं. आपले पूर्वज तिकडं कधी गेले, असं एकानं विचारलं, त्याला लगेच तीन लोकांनी इतिहास सांगितला.

अण्णांनी चार दिवस सकाळी आंटीच्या हातून दोन-दोन पानं खाल्ली. संध्याकाळी आकडा एकशे एकोणसत्तर.

आता इथं अण्णांमधला शेतकरी जागा झाला. अण्णांनी आयुष्यभर रानाला औषध मारलं, पण बाटलीवर लिहिलेल्या मापानं एकदाही नाही. पंपाला दोन टोपणं सांगितली की तीन टाकायची. कंपनीचा माणूस भित्रा असतो, तो कमीच सांगतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. पिकावरच्या माव्यावर चाललेलं हे गणित बीपीवर का चालणार नाही? वापसा तिकडं वाळत चालला होता, आणि इकडं दोन-दोन पानं.

सकाळी उजाडताच अण्णा पिशवी घेऊन खाली गेले. आंटी अजून आली नव्हती. अण्णा वाफ्यापाशी उकिडवे बसले आणि शेपू काढावा तसं ते झुडूप दोन्ही हातांनी काढलं. देठ तेवढे राहिले.

काकूंनी पिशवी उघडली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत नुसतं मिक्सरमध्ये घालायचे पाले बघितले होते, ही धड पालेभाजी होती. त्यांनी ती चिरली, लसूण ठेचला, मिरची घातली, तेल बरं सोडलं, मीठ हात सैल ठेवून टाकलं. अण्णांनी कढईसकट पुढं ओढलं. काकूंना चतुर्थीचा उपास होता, म्हणून त्या वाचल्या.

दुपारी अण्णांचं पोट बिघडलं. पोट बिघडलं म्हणजे काय, इथं पावसाळ्यात आभाळ जसं सांगून न सवरता कोसळतं, तसंच. रुचिरा ऑफिसातून घरी आली तेव्हा काकू बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून आतल्या माणसाशी भांडत होत्या, आणि बाहेरच्या दाराशी कोह आंटी उभी राहून बाहेरून भांडत होती.

"हू कट माय प्लँट? ऑल गॉन! बोतक लाइक दॅट!" बोतक म्हणजे इथं टक्कल.

"आंटी, सॉरी, माझे सासरे..."

"आय से टू लीफ! ही ईट होल ट्री! ही गोट, इज इट?"

"काय म्हन्ती ती?" आतून आवाज आला.

"बोकड म्हन्ती," काकूंनी दारातून सांगितलं. त्यांना इंग्रजीतलं तेवढं बरोबर समजलं होतं.

रूपेश आला तोवर अण्णा अंथरुणाला लागले होते, ओठ सुकलेले. आता ग्रुपवर विचारायला सवड नव्हती. त्यांना टॅक्सीत घालून जवळच्या क्लिनिकात नेलं. रुचिरानं बरोबर ते मशीनही घेतलं, कारण डॉक्टरांना रोजचे आकडे दाखवायचे होते. संजीव-विनीताही निरोप मिळताच पोचले. विनीताच्या चेहऱ्यावर झाडाची बदनामी होऊ नये अशी काळजी स्पष्ट दिसत होती.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं पोट दाबलं, काय खाल्लं विचारलं. रूपेशनं सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, किती खाल्लं. रूपेशनं पुन्हा सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि जरा वेळ अण्णांकडं आदरानं बघितलं.

मग नर्सनं अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगायला लागला आणि चर्र आवाज करून सुटला. तिनं पुन्हा बांधला. पुन्हा चर्र. ती हसली, म्हणाली, "अंकल आर्म सो बिग!" आणि कपाटातून दुसरा पट्टा आणला. चांगला रुंद, जू बांधायच्या पट्ट्याएवढा. अण्णांचा दंड म्हणजे तालमीत घालवलेली तारुण्याची वर्षं आणि नंतरचं औत, मोट, पोती. म्हातारपणानं बाकीचं सगळं उतरवलं होतं, दंडाला हात लावायचं धाडस केलं नव्हतं.

मशीन फुगलं, उतरलं. एकशे चोवीस.

"उतरलं!" विनीता जवळजवळ ओरडलीच. "बघा! डोस लागू पडला!"

"जुलाबानं उतरलं असेल," संजीव म्हणाला. तो मॅनेजर असल्यामुळं दुसरी बाजू मांडायची त्याला सवय.

रुचिरानं पिशवीतलं मशीन काढून डॉक्टरपुढं ठेवलं आणि रोजचे आकडे सांगितले. डॉक्टरनं त्याचा पट्टा हातात घेतला, उलटासुलटा केला, अण्णांच्या दंडाशी धरून बघितला आणि तोच बांधायला लावला. पट्टा कसाबसा पोचला. अण्णा तेच, खुर्ची तीच, दंड तोच. एकशे अडुसष्ट.

विनीतानं आकडा दोनदा वाचला.

"दिस कफ इज टू स्मॉल फॉर हिज आर्म," डॉक्टर म्हणाली. "इट विल ऑलवेज रीड हाय. ही प्रॉबब्ली नेव्हर हॅड हाय ब्लड प्रेशर." पोट थांबलं, अंगात पाणी आलं, की पुन्हा आणा, मोठ्या पट्ट्यानं पुन्हा बघू, आणि तोवर कुठलाही पाला देऊ नका, असंही ती म्हणाली. हे शेवटचं तिनं विनीताकडं बघून सांगितलं नव्हतं, पण विनीतानं तसं धरलं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

रुचिरानं सांगितलं, "अण्णा, तुम्हाला बीपी नाहीच. मशीनचा पट्टा लहान होता. तुमच्या दंडाला बसतच नव्हता."

अण्णांनी डॉक्टरकडं बघितलं, नर्सकडं बघितलं, मग पोराकडं.

"रूपेश, तुज्या बोटीवर आसलं गेज घावलं आस्तं तर काय केलं आस्तंस रं?"

"बाद केलं असतं," रूपेश खाली बघत म्हणाला.

"आन् हितं बाला बाद केलंस."

रूपेशचे कान लाल झाले. तो बंदरातली इंग्रजी विसरला, पुण्या-मुंबईची मराठीही विसरला. "चुकलं, अण्णा," तो म्हणाला. "म्या बगितलंच न्हाई. दिलं तसं बांदलं."

पोट थांबल्यावर अण्णांना दोनदा नेऊन आणलं. मोठा पट्टा, एकशे सव्वीस. मोठा पट्टा, एकशे बावीस. रूपेशनं ते जुनं मशीन कपाटात वर टाकून दिलं. नवीन आणलं, पण अण्णांनी त्याला दंडाला हात लावू दिला नाही.

ग्रुपवर मात्र वेगळंच झालं. विनीतानं लिहिलं, काकांचा वरचा आकडा एकशे बहात्तरवरून एकशे चोवीसवर, फक्त पानांनी, गोळी शून्य. खाली हात जोडलेली, टाळ्या वाजवणारी, हिरव्या पानांची चित्रंच चित्रं. रुचिरानं पट्ट्याचं लिहून बघितलं. त्यावर संजीवनं उत्तर दिलं, की मशीन कंपनीच्या आरोग्य सप्ताहातलं आहे, त्यात चूक असणं कठीण. विनीतानं समजुतीनं लिहिलं, "दोन्ही फॅक्टर असतील." एका काकांनी विचारलं, पट्टा कुठल्या झाडाचा.

कोह आंटीचा राग तर एका दिवसात गेला. अण्णांनी उरलेले देठ नखानं तोडून ओल्या मातीत खोचले, आंटीच्या वाफ्याला ओळीनं, एका हाताचं अंतर ठेवून, आणि तिला खुणेनं सांगितलं, वरून झाकायचं, पाणी बेतानं. पुढं देठांना फूट आली. मग आंटीनंच सगळ्यांना सांगितलं की इंडियन अंकलचं हाय ब्लड माझ्या झाडानं घालवलं. बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोतून माणसं काड्या न्यायला येऊ लागली. आता कुठल्याही बाल्कनीत बघावं तर ते झाड आहे, आणि झाडाशेजारी खुर्ची टाकून एकेक धडधाकट माणूस सकाळी दोन पानं चावतो आणि दंडाला पट्टा बांधून घेतो.

अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. रूपेशनं तिकीट काढलं होतं, पोट थांबलं त्याच आठवड्याचं. काकूंनी बॅग भरून दिली, आपली नाही, अण्णांचीच. "मी मागनं येते, थंडी पडली की," म्हणाल्या. अण्णांनी त्यावरून भांडण काढलं नाही. त्यांनी पलंगावर बसून अंकुशला फोन लावला. आवाज थेट बांधावरचा.

"अंकुश, येतोय रं मी! शनवारी उतरतो. तिफन काडून ठिव, चाड्याची दोरी बग. बी उगडलं न्हाईस न्हवं?"

"कशाचं बी, अण्णा?"

"शाळूचं! दुसरं कशाचं?"

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

"अण्णा, आता काय लपवायचं," अंकुश म्हणाला. "त्यो फोन ठिवला आन् त्याच सांजंला पेरून टाकलं बगा. टॅक्टर मोकळा घावला. वापसा काय थांबतूय व्हय? तुमास्नी बीपी हाय, ऐकून वाढंल, म्हनून कुनी बोलायचं न्हाई आसं गावात ठरलं हुतं."

"समदं पेरलंस?"

"समदं. वड्याकडची पट्टी सुदीक."

"उगवलं का?"

"झाक उगवलंय."

शाळू दोन-दोन पानांवर आला होता.